बंदीविना विस्मरण : भारतातील मुलींच्या व स्त्रियांच्या फुटबॉल स्पर्धांची पन्नास वर्षे

स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास जगात बहुतेक ठिकाणी बंदीचा आणि बंदी उठविल्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. इंग्लंडमध्ये १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर स्त्रियांचा सामना पाहण्यासाठी सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांसाठी बंद केली व हा निर्बंध जवळजवळ पन्नास वर्षे टिकला. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ या काळात आणि पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० या काळात असेच निर्बंध होते. या देशांच्या इतिहासकारांपुढे निदान एक दस्तऐवज असतो, एक तारीख असते आणि जबाबदार धरता येईल अशी एक संस्था असते.

भारताच्या बाबतीत तसे नाही. येथे स्त्रियांनी फुटबॉल खेळू नये असा ठराव कोणत्याही राष्ट्रीय संघटनेने केल्याचे प्रसिद्ध नाही. तरीही आशियात दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलेला भारतीय स्त्रियांचा संघ काही वर्षांतच खंडाच्या स्पर्धांतून दिसेनासा झाला आणि त्याच्या अभावाची फारशी चर्चाही झाली नाही. ज्याला बंदी घालावी लागते त्याचे अस्तित्व निदान मान्य केलेले असते. विस्मरणाला तेवढेही करावे लागत नाही. म्हणूनच भारतातील या खेळाचा इतिहास नियमांच्या पुस्तकात न शोधता स्पर्धांच्या वेळापत्रकात शोधावा लागतो. कोणत्या वर्षी स्पर्धा झाली, कोणत्या वर्षी झाली नाही, आणि एका सामन्यानंतर दुसरा सामना किती काळाने आला, हीच येथील खरी साधने होत.

या इतिहासाचा संघटित आरंभ १९७५ मध्ये झाला असे मानावे लागते. त्या सुमारास भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला व उत्तर प्रदेशात स्त्रियांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. हा महासंघ पुरुषांच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाहून स्वतंत्र होता. त्याचा संबंध १९६८ मध्ये हाँगकाँग येथे स्थापन झालेल्या आशियाई महिला फुटबॉल संघटनेशी होता, आणि ती संघटनाही पुरुषांच्या आशियाई महासंघाच्या बाहेर होती. म्हणजे राष्ट्रीय पातळीवर आणि खंडाच्या पातळीवर स्त्रियांच्या फुटबॉलने स्वतःचे वेगळे घर बांधले होते. ते घर साधनसंपन्न नव्हते. परंतु त्याला एकच काम होते, स्त्रियांचे सामने भरविणे, आणि ते काम त्याने केले.

त्याची फळे लवकरच दिसली. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळमधील कालिकत (आजचे कोझिकोड) येथे भरली. तिची नोंद १९७९ ची असली तरी सामने १९८० च्या जानेवारीत झाले. यजमान म्हणून भारताने उत्तर व दक्षिण या नावांनी दोन संघ उतरविले. त्यांपैकी दक्षिणेच्या नावाने खेळणारा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला व तैवानकडून ०-२ असा पराभूत झाला. १९८१ मध्ये हाँगकाँग येथे भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉक येथे तो पुन्हा अंतिम सामन्यात होता आणि थायलंडने त्याला ३-० असे हरविले. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री फुटबॉलपटू होत. सलग तीन आशियाई स्पर्धांत पहिल्या तिघांत स्थान, ही कामगिरी दुर्लक्ष करण्याजोगी खासच नव्हती.

यानंतरची नोंद मात्र कोरी आहे. १९८६, १९८९, १९९१ आणि १९९३ अशा लागोपाठ चार आशियाई स्पर्धांत भारताचा संघ नव्हता. तो परतला १९९५ मध्ये. ही अनुपस्थिती ज्या काळात घडली तो काळ लक्षात घेतला म्हणजे तिचे मोल कळते. १९८६ मध्ये आशियाई महिला संघटना पुरुषांच्या आशियाई महासंघात विलीन झाली. १९९१ मध्ये चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली आणि त्या वर्षीची आशियाई स्पर्धा हीच तिची पात्रता फेरी ठरली. स्त्रियांच्या फुटबॉलला जागतिक मान्यता, निधी आणि नियमित सामने मिळू लागले नेमक्या त्याच वर्षांत भारत मैदानाबाहेर होता. त्यामुळे १९८३ मध्ये अंतिम सामन्यात खेळलेली पिढी निवृत्त झाली तेव्हा तिच्या अनुभवाचा वारसा घेण्यासाठी राष्ट्रीय संघात कोणी उभे नव्हते.

विलीनीकरणाचे मूल्यमापन करताना येथे सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. भारतातही १९९० च्या दशकाच्या आरंभी स्त्रियांच्या फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला व १९९१-९२ पासून वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धा त्याच्या छत्राखाली होऊ लागली. मैदाने, पंच, प्रवासखर्च आणि अधिकृत मान्यता या दृष्टींनी हे पाऊल अपरिहार्य होते. परंतु स्वतंत्र घरातली मालकीण मोठ्या वाड्यातल्या एका खोलीत राहावयास यावी तसे काहीसे घडले. निवारा पक्का मिळाला, पण दिवसाचा क्रम आता दुसऱ्या कोणाच्या सोयीने ठरू लागला. वर्षातून एक राष्ट्रीय स्पर्धा, तीही राज्यांच्या संघांची आणि काही दिवसांत उरकणारी, एवढ्यावर स्त्रियांचे वेळापत्रक पुढील दोन दशके थांबले.

या दोन दशकांत परंपरा टिकविली ती प्रामुख्याने मणिपूरने. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेची वीसहून अधिक अजिंक्यपदे या एका छोट्या राज्याकडे आहेत. त्याचे कारण केवळ तेथील मुलींच्या चपळाईत शोधणे हे अभ्यासाला धरून होणार नाही. मणिपुरात स्थानिक क्लब होते, त्यांच्या आपापसांत स्पर्धा होत्या आणि पोलीस दलाच्या संघामुळे खेळाडू स्त्रीला नोकरीचा आधार होता. म्हणजे राष्ट्रीय वेळापत्रक जेथे रिकामे होते तेथे मणिपूरचे स्वतःचे वेळापत्रक भरलेले होते. इंफाळच्या ओइनाम बेमबेम देवी या त्याच परंपरेतून आल्या. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी भारताकडून पहिला सामना खेळला. पुढे त्या राष्ट्रीय संघाच्या कर्णधार झाल्या. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१७ मध्ये आणि पद्मश्री मिळाली २०२० मध्ये. शांती मल्लिक यांना खेळत असताना मिळालेला अर्जुन पुरस्कार आणि बेमबेम देवींना कारकीर्द संपल्यावर मिळालेला तोच पुरस्कार, यांतील अंतर बरेच काही सांगून जाते.

राष्ट्रीय संघाचे आणखी एक रिकामे पान २००७ ते २०१० या काळातले आहे. या अवधीत भारतीय स्त्रियांना आंतरराष्ट्रीय सामनेच मिळाले नाहीत. दीर्घकाळ न खेळणाऱ्या संघांना फिफा आपल्या क्रमवारीतून वगळते, आणि २००९ मध्ये भारताचे नाव असेच वगळले गेले. क्रमवारीत खाली जाणे हा पराभव असतो. क्रमवारीतच नसणे हे त्याहून वेगळे आहे. २०१० मध्ये दक्षिण आशियाई महिला स्पर्धा सुरू झाली व भारताने तिची पहिली पाचही अजिंक्यपदे (२०१०, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९) मिळविली. या विजयांपेक्षाही महत्त्वाचे हे, की दर दोन-तीन वर्षांनी का होईना, एक ठरलेली स्पर्धा आता समोर दिसू लागली.

मुलींच्या स्पर्धांचा विचार याच संदर्भात करावयास हवा. शालेय संघांसाठीचा सुब्रतो चषक १९६० पासून खेळला जात असला तरी त्यात मुलींचा गट आला तो २०१२ मध्ये. बावन्न वर्षांचा हा विलंब बोलका आहे. मात्र गट सुरू होताच त्याचा परिणाम दिसला. हरियाणातील भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा या खेड्यातील शाळेच्या मुलींनी हा चषक जिंकला, आणि पुढे त्याच गावाच्या नावाचा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये खेळला. स्त्री-पुरुष प्रमाणाच्या व्यस्ततेसाठी ज्या राज्याचे नाव वारंवार घेतले जाते तेथील एका गावात मुलींच्या फुटबॉलची परंपरा उभी राहावी, ही घटना क्रीडेतिहासाइतकीच समाजेतिहासाची आहे. झारखंडच्या आदिवासी भागातील मुलींनीही याच दशकात राष्ट्रीय संघांत आपले स्थान निर्माण केले. संधीची तारीख निश्चित झाली की खेळाडू दूरच्या गावांतूनही येतात, हे यावरून सिद्ध होते.

इंडियन विमेन्स लीग या क्लब स्पर्धेची प्राथमिक फेरी ऑक्टोबर २०१६ मध्ये कटक येथे झाली. अंतिम फेरी २०१७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर खेळली गेली. सहा संघांत अलखपुऱ्याबरोबरच पुण्याचाही एक संघ होता. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० असे हरवून पहिले अजिंक्यपद मिळविले. परंतु ही अंतिम फेरी तीन आठवड्यांच्या आतच संपली. लीग या शब्दात महिनोन्महिने चालणाऱ्या हंगामाची जी कल्पना अभिप्रेत असते तिच्यापासून हे फार दूर होते. घरच्या व प्रतिस्पर्ध्याच्या मैदानांवर आळीपाळीने सामने खेळण्याची पद्धत आली २०२३-२४ मध्ये. सात संघ, प्रत्येकाचे बारा सामने, एकूण बेचाळीस. त्याच हंगामात दुसरी श्रेणीही सुरू झाली. वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेचा करंडकही अलीकडील हंगामांत राजमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखला जातो. मराठी वाचकाला हे नाव जवळचे वाटेल; तथापि या नावाला न्याय द्यावयाचा तर तो स्पर्धेच्या सातत्यानेच देता येईल.

या वाढीचा पाया किती ठिसूळ होता हे २०२२ या एका वर्षाने दाखविले. जानेवारीत मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे आशियाई चषक भरला. भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. परंतु कोविडच्या संसर्गामुळे पुढील सामन्यासाठी पुरेशा खेळाडूच उभ्या राहू शकल्या नाहीत व यजमान संघ स्पर्धेबाहेर पडला. ऑगस्टमध्ये फिफाने अखिल भारतीय महासंघाला निलंबित केले. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावे लागले. महासंघाच्या कारभारातील तंट्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी त्याची किंमत त्यांनी मोजली. निलंबन त्याच महिन्यात उठले आणि ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे पार पडला. भारतीय मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा पराभूत झाल्या. या आकड्यांना अपयश म्हणणे सोपे आहे. ज्या देशांतील मुली वर्षभर स्पर्धात्मक सामने खेळतात त्यांच्याशी शिबिरांत घडविलेल्या संघाची गाठ पडली, हा त्यांचा अधिक नेमका अर्थ होय.

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे भारताने यजमानांना २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळविला. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोर यांचे होते. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ. आणि प्रतिस्पर्धी तोच, ज्याने १९८३ चा अंतिम सामना जिंकला होता. त्याच वर्षी वीस वर्षांखालील व सतरा वर्षांखालील मुलींचे संघही आपापल्या आशियाई स्पर्धांसाठी पात्र ठरले. तीनही वयोगटांतील हे यश योगायोगाचे नाही. २०१२ नंतर मुलींच्या आणि २०१६ नंतर क्लबांच्या स्पर्धांनी जे सामने पुरविले त्यांचा या यशात मोठा वाटा आहे.

तथापि १९८३ चा अनुभव विसरून चालणार नाही. त्या वर्षीही संघ चांगला होता. पुढची स्पर्धा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. विजय संघाला एकदा वर नेतो, वेळापत्रक त्याला तेथे टिकवून ठेवते. सतराव्या वर्षी राष्ट्रीय संघाचा पोशाख घातलेल्या मुलीला अठराव्या, विसाव्या आणि पंचविसाव्या वर्षी कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर खेळावयाचे आहे हे आधीच ठाऊक असेल, तेव्हाच स्त्रियांच्या फुटबॉलची वाढ झाली असे म्हणता येईल. भारतातील या खेळाला पन्नास वर्षांत खेळाडूंची वाण कधी पडली नाही. वाण पडली ती पुढच्या सामन्याची.