सिद्धगडाची वाट : भूमिगतांचे रान, हुतात्मा स्मारक आणि पदभ्रमंती

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या पश्चिम उतारावरील घनदाट रानात सिद्धगड उभा आहे. कड्याच्या कमरेला असलेली वस्तीयोग्य सपाटी म्हणजे माची आणि तिच्यावरचा दुर्गम माथा म्हणजे बालेकिल्ला, अशी त्याची दुपदरी रचना आहे. गडाचा मध्ययुगीन इतिहास तुटक स्वरूपात हाती येत असला, तरी त्याच्या परिसरातील हुतात्मा स्मारकामुळे विसाव्या शतकातील एका लढ्याशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. २ जानेवारी १९४३ रोजी याच रानात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी गोमाजी पाटील यांना वीरमरण आले.

कोतवालांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. ब्रिटिशांनी हवा खाण्यासाठी वसवलेल्या त्या गिरिस्थानावर श्रीमंत पाहुणे आणि त्यांच्या सेवेवर पोट भरणारे स्थानिक यांच्यातील अंतर रोजच डोळ्यांसमोर असे. कायद्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर कोतवाल माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. तथापि त्यांचे खरे कार्यक्षेत्र पायथ्याच्या गावांत आणि आदिवासी वाड्यांत होते. पावसाळ्यात घरातले भात संपले की कुळांना सावकाराकडून खावटी, म्हणजे पोटापुरते उसने धान्य, घ्यावे लागे आणि सुगीत ते बहुधा दिढीने, म्हणजे मणाला दीड मण या हिशेबाने, फेडावे लागे. हा फास सैल करण्यासाठी कोतवालांनी शेतकऱ्यांच्या सामाईक धान्यकोठ्या उभारल्या आणि साक्षरतेसाठी गावोगाव शाळा चालवल्या. पुढे याच गावांनी त्यांना आसरा दिला, हे ध्यानात घेतल्याशिवाय बेचाळीसचा येथील लढा नीट उलगडत नाही.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावरील अधिवेशनात ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला, लगेचच प्रमुख नेत्यांची धरपकड झाली आणि कोतवालांनी भूमिगत होऊन ‘आझाद दस्ता’ संघटित केला. या दस्त्याचे लक्ष्य विचारपूर्वक निवडलेले होते. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी नळांतून खाली सोडून टाटांच्या खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील केंद्रांत वीज निर्माण होई आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या व रेल्वे चालत. ही वीज नेणाऱ्या उच्च दाबाच्या तारांचे पोलादी मनोरे शेतांतून आणि रानांतून उभे असल्यामुळे प्रत्येकाच्या पायथ्याशी पहारा ठेवणे अशक्य होते. दस्त्यातील माणसे रात्रीच्या अंधारात करवतींनी मनोऱ्याचे पाय कापत. आधार सुटला की तारांच्या ताणाने आणि स्वतःच्या वजनाने सांगाडा कलंडे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात असे अनेक मनोरे कोसळले आणि युद्धकाळात मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला.

सरकारने कोतवालांना पकडण्यासाठी बक्षीस जाहीर केले, पोलिसांचा फास आवळत गेला आणि दस्त्याने अखेरीस सिद्धगडच्या रानाचा आश्रय घेतला. फितुरीमुळे हा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारीच्या सकाळी झालेल्या गोळीबारात हिराजी पाटील जागीच पडले, तर जखमी झालेल्या कोतवालांवर हॉल या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी झाडली. वडील गोमाजी आणि मुलगा हिराजी हे दोघेही दस्त्यात होते, यावरून लढा घराघरांत किती खोल रुजला होता हे दिसते.

दरवर्षी २ जानेवारीला स्मारकाजवळ अभिवादनासाठी लोक जमतात, आणि एरवी ही वाट दुर्गप्रेमींच्या पायांखालची असते. मुंबई-ठाण्याकडील जुन्या मित्रांचे गट लोकलने कल्याण, एसटीने मुरबाड-म्हसे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने नारिवली-बोरवाडीकडे येतात; वर्गणी काढून खर्च वाटून घेतात, शिदोरी पाठीवर बांधतात आणि स्मारकापाशी थांबून मगच गडाची चढण धरतात. अल्प खर्चाची, सामाईक शिध्यावर चालणारी ही भटकंती महाराष्ट्रातील पदभ्रमंतीची जुनी रीत आहे, आणि सिद्धगडाच्या बाबतीत ती विशेष अर्थपूर्ण ठरते. वाट चढताना रानाची दाटी, पाण्याच्या मोजक्या जागा आणि वाड्यावाड्यांमधील अंतर प्रत्यक्ष अनुभवास येते. वाटाड्याशिवाय येथे लपणे आणि भाकरी पोचवणाऱ्यांशिवाय येथे तग धरणे शक्य नव्हते, हे चालणाऱ्याला पायांनीच कळते.

म्हणून सिद्धगडच्या स्मारकाला वंदन करताना दोन हुतात्म्यांबरोबर त्यांना वाटा दाखवणाऱ्या, शिधा पुरवणाऱ्या आणि पोलिसांचा जाच सोसणाऱ्या वाड्यांचाही इतिहास सांगितला जाणे आवश्यक आहे. धान्यकोठीत एकमेकांसाठी भात साठवणाऱ्या माणसांनीच पुढे परकीय सत्तेविरुद्ध एकमेकांना साथ दिली. ही सांगड स्पष्ट झाली, तरच बेचाळीसच्या लढ्यातील सामान्य कुळांचा आणि आदिवासींचा वाटा इतिहासात त्याच्या योग्य जागी नोंदला जाईल.