सूचिचिकित्सा : अनुभव आणि उपपत्ति

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले, ते सैनिकांवर शस्त्रक्रिया करण्यास. सूचिचिकित्सा, म्हणजे ॲक्युपंक्चर, भारतांत आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनीं, १९५९ सालीं. महाराष्ट्रानें २०१५ च्या कायद्यानें तिला मान्यताही दिली. पण कायद्याच्या मान्यतेनें उपपत्ति सिद्ध होते काय?

जर्मनींत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. शास्त्रोक्त जागीं सुया टोचलेल्यांपैकीं ४७.६ टक्के, मुद्दाम भलत्याच जागीं वरवर टोचलेल्यांपैकीं ४४.२ टक्के, आणि नेहमींचे औषधोपचार घेणाऱ्यांपैकीं २७.४ टक्के लोकांस उतार पडला. म्हणजे आराम खरा. परंतु विशिष्ट बिंदूंचें माहात्म्य जवळजवळ उरलें नाहीं! प्राणशक्ति वाहणाऱ्या ज्या नाड्या चिनी ग्रंथांत वर्णिल्या आहेत, त्या शारीरशास्त्रास सांपडलेल्या नाहींत.

निर्जंतुक सुई व शिकलेला हात असल्यास धोका अल्पच. तरी छातींत खोल गेलेल्या सुईनें फुप्फुसास छिद्र पडल्याचीं उदाहरणें आहेत. याहून मोठा धोका वेगळा : ज्या दुखण्याचें निदानच झालेलें नाहीं, तें सुईनें शमवून रोग आंत वाढूं देणें. वसई-विरारच्या गृहस्थानें सुई खुशाल टोचून घ्यावी. पण आधीं निदान, मग सुई.