प्रीमियम पेट्रोल : जादा पैसे कशासाठी?

बार्शीटाकळी हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. अकोल्यापासून अंतर सुमारे वीस किलोमीटर. त्यामुळे नोकरी, शिक्षण किंवा व्यापाराच्या निमित्ताने दुचाकीवरून रोज अकोल्याला ये-जा करणाऱ्यांची येथे कमी नाही. पंपावर गाडी उभी केली, की ‘साधे टाकू की प्रीमियम?’ हा प्रश्न त्यांच्याही कानावर पडतो. वऱ्हाडचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, गाडी तापते, चढावर खडखडू लागते आणि लिटरमागे काही रुपये जास्त मोजून ‘चांगले’ पेट्रोल भरावे, असा मोह होतो. हे जादा पैसे खरोखरच सार्थकी लागतात काय, हे मात्र ऑक्टेन या शब्दाचा अर्थ समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

ऑक्टेन म्हणजे काय?

इंजिनमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. मिश्रण जितके जास्त दाबले जाते, तितके ते तापते. दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेट घेतो. त्यामुळे इंजिनमधून जो खडखडाट ऐकू येतो, त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. असे वारंवार घडल्यास पिस्टनला इजा पोहोचते.

ही अवेळी पेटण्याची प्रवृत्ती रोखण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि सहज नॉकिंग करणाऱ्या हेप्टेनला ० गुण देऊन ही मोजपट्टी तयार करण्यात आली आहे. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावयास हवी. ऑक्टेन अंक हे इंधनातील शक्तीचे किंवा शुद्धतेचे माप नाही. ज्या इंजिनला ९१ ऑक्टेन पुरेसा आहे, त्यात ९५ चे पेट्रोल भरल्याने त्याची ताकद वाढत नाही. त्याला न लागणारी सहनशक्ती तेवढी विकत घेतली जाते.

ऑक्टेन वाढविण्याच्या हव्यासाची किंमत जगाने एकदा मोजली आहे. अमेरिकेत १९२१ मध्ये थॉमस मिजली यांनी शिशाचे संयुग मिसळून नॉकिंग थांबविण्याचा उपाय शोधला आणि पुढे अनेक दशके शिसे धुरातून माणसांच्या शरीरात जात राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २००० पासून बंद झाली.

साधे पेट्रोल साधे राहिलेले नाही

आपल्याकडे २००२ च्या सुमारास ‘स्पीड’, ‘पॉवर’ यांसारख्या नावांनी ब्रँडेड पेट्रोल पंपांवर आले. त्यांतील मुख्य वैशिष्ट्य होते ते इंजेक्टर व झडपा स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांचे. पुढे ९५ ऑक्टेनचे प्रकार आले आणि इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे ‘एक्सपी १००’ निवडक शहरांत आणले.

दरम्यान साध्या पेट्रोलचे मानकही बदलत गेले. भारत स्टेज-२ च्या काळात त्याचा ऑक्टेन अंक किमान ८८ होता, नंतर तो ९१ झाला. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक १०० च्या वर असल्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, म्हणजेच ई-२० पेट्रोलसाठी किमान ९५ चे मानक आहे. देशभर ई-२० मिळू लागल्यापासून साध्या नळीतून येणारे पेट्रोलच ९५ च्या पातळीवर पोहोचले आहे. केवळ ‘९५ ऑक्टेन’ या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

प्रीमियम भरल्याने इथेनॉल टळते, हा समजही ९५ ऑक्टेनच्या प्रकारांबाबत खरा नाही, त्यांतही ते असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-२० मुळे जुन्या घडणीच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. ही घट ९५ चे प्रीमियम भरून निघत नाही.

हिशेब काय सांगतो?

समजा, साधे पेट्रोल १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये लिटर आहे. बार्शीटाकळी-अकोला अशी रोज ४० किलोमीटर, महिन्यातून २५ दिवस ये-जा धरली, तर १००० किलोमीटर होतात. लिटरमागे ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलला २० लिटर पेट्रोल लागते. प्रीमियमपायी महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये जास्त जातात. हा खर्च भरून येण्यासाठी त्याच गाडीने लिटरमागे जवळपास ५४ किलोमीटर धावले पाहिजे, म्हणजे मायलेज पावणेआठ टक्के वाढले पाहिजे.

एवढी वाढ होते काय? अमेरिकेतील वाहनधारकांची संघटना ‘एएए’ हिने २०१६ मध्ये साधे इंधन सुचविलेल्या मोटारींत प्रीमियम भरून चाचण्या घेतल्या. शक्ती, मायलेज किंवा धूर यांत लक्षणीय फायदा दिसला नाही. वर्षभरात तेथील ग्राहकांनी यावर २१० कोटी डॉलर विनाकारण खर्च केल्याचा अंदाज संघटनेने मांडला. ज्या मोटारींना प्रीमियमची शिफारस आहे पण सक्ती नाही, अशांच्या २०१७ मधील चाचण्यांत मायलेजची सरासरी वाढ २.७ टक्के निघाली. आपल्या हिशेबातील पावणेआठ टक्क्यांपासून ती दूरच आहे.

कोणाला उपयोग?

ज्या वाहनाच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर जास्त ऑक्टेनचे इंधन आवश्यक असल्याचे लिहिले आहे, त्याला ते दिलेच पाहिजे. काही टर्बो मोटारी, आयात केलेल्या महागड्या गाड्या आणि जास्त दाबाच्या इंजिनांच्या शर्यती दुचाकी या गटात येतात. अशा इंजिनांत नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो आणि चांगल्या इंधनाचा लाभ घेत तो ठिणगीची वेळ पुढे आणू देतो. रोजच्या वापरातील बहुतेक साध्या दुचाकींत ही सोय नसते.

तीव्र उन्हात आत येणारी हवाच तापलेली असल्याने नॉकिंगचा धोका वाढतो, हे खरे. मात्र जुनी गाडी खडखडत असेल, तर आधी साचलेला कार्बन, चुकीचे टायमिंग, चुकीचा स्पार्क प्लग आणि इंजिनचे थंड होणे तपासावे. सफाईच्या रसायनांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. परंतु बिघडलेले इंजिन ती दुरुस्त करीत नाहीत.

पंपावर काय पाहावे?

ऑक्टेनपेक्षा भेसळ व माप यांतून ग्राहकाचे अधिक नुकसान होऊ शकते. रॉकेलची भेसळ झाल्यास पेट्रोलचा ऑक्टेन अंक घसरतो. शंका आल्यास फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. स्वच्छ कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब तेलकट डाग न ठेवता उडून जावयास हवा. मापाबाबत शंका असल्यास वैधमापन विभागाने प्रमाणित केलेल्या पाच लिटरच्या मापाने मोजून मागता येते. घनतेची नोंदही पंपावर पाहता येते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरणार नाही, याची काळजी घ्यावी, कारण इथेनॉल पाणी शोषून घेते. पाणी जास्त झाल्यास ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते.

आपल्या वाहनाच्या पुस्तिकेतील इंधनाचे पान एकदा वाचावे. तेथे जास्त ऑक्टेनचा आग्रह नसेल, तर साध्या नळीवर निःशंकपणे उभे राहावे. वाचलेल्या १,९२० रुपयांत नवा एअर फिल्टर, वेळेवर बदललेले ऑइल आणि चाकांतील योग्य हवा एवढे सांभाळले, तरी गाडी व खिसा दोन्हींना त्याचा अधिक लाभ होईल.