खडकीचे पाणी

ज्या नगरास मलिक अंबरच्या काळी खडकी, पुढे त्याच्या पुत्राच्या नावावरून फत्तेनगर आणि मोगल अमलात औरंगाबाद म्हटले गेले, व जे आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते, त्याचा इतिहास दरवाजांवरून सांगण्याचा प्रघात आहे. बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे ही म्हण येथील पोरासोरांच्याही तोंडी असते. माझे मत असे की, हा इतिहास पाण्यावरून सांगावा, आणि तो समजून घ्यावयाचा तर हे शहर हिवाळ्यातल्या प्रवाशांप्रमाणे न पाहता ऐन वैशाखात पायी हिंडून पाहावे.

पाटबंधारे खात्यात हयात घालविलेला माझा एक पुणेकर स्नेही अशाच एका वैशाखात आला असता आम्ही दोघे उजाडताच भडकल दरवाजापाशी जाऊन उभे राहिलो. अंबराने मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ 1612 च्या सुमारास उभारलेली ती भव्य कमान, हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष निजामशाहीचा सर्वाधिकारी कसा झाला, 1610 साली त्याने खडकीस राजधानीचे रूप कसे दिले, हे सारे मी मोठ्या हौसेने सांगत असता स्नेह्याने मध्येच विचारले, "हे सगळं खरं रे, पण एवढ्या लोकांना पाणी कुठलं पाजलं?"

प्रश्न नेमका होता. खाम नदी बारमाही नव्हे आणि भूमी खडकाळ. अंबराने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटात मुरलेले पाणी भुयारी मार्गांनी गोळा केले, आणि केवळ उताराच्या बळावर, दगडी पाट व खापरी नळ यांतून, ते शहरात खेळविले. वाटेत ठिकठिकाणी उभे केलेले उंच चुनेगच्ची स्तंभ पाण्याचा दाब आवरीत आणि कोंडलेल्या हवेस वाट देत. हीच नहर-ए-अंबरी. पुढच्या अमदानीत तिच्या जोडीला थत्ते नहर, पाणचक्कीची नहर अशा आणखी नहरी झाल्या. आणि 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनच्या सुभेदारीवर आल्यावर जी प्रचंड फौज, जे मनसबदार व त्यांचा लवाजमा येथे येऊन वसला, ज्यांतील बिकानेरच्या कर्णसिंग व पद्मसिंग यांची नावे कर्णपुरा व पदमपुरा आजही सांभाळून आहेत, त्या सर्वांची तहान याच युक्तीने भागली. तट 1682 च्या सुमारास मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने बांधला गेला, म्हणजे पाणी आधी आले आणि भिंत मागाहून. हा क्रम आपण विसरतो.

दुपारी शहागंजात नान-खलिया खाल्ला. उन्हाळ्यात तो खाऊ नये, हे खाऊन झाल्यावर कळते.

मग पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याचा हा परिसर असून तुर्कताजखान व जमीलबेगखान या सरदारांची नावे येथील बांधकामाशी जोडली जातात. सुमारे दहा-अकरा किलोमीटरांवरून आलेले पाणी उंच भिंतीवर चढते, तेथून धारेने हौदात पडते, आणि त्याच बळावर जाते फिरून यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी पीठ दळले जाई. स्नेही त्या भिंतीकडे पाहून स्वतःशीच चढ-उताराचे गणित करू लागला. मला मात्र त्या हौदाची खुबी सांगावीशी वाटते. त्याचा तळ म्हणजे खाली असलेल्या, खांबांच्या रांगांवर तोललेल्या एका दालनाचे छप्पर आहे, त्यामुळे माथ्यावर पाणी असलेले ते दालन भर उन्हाळ्यात गार राहत असे.

उन्हे कलल्यावर बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू 1657 साली वारली. तिच्या कबरीवरील या इमारतीस 6,68,203 रुपये 7 आणे खर्च आल्याची नोंद आहे. सात आण्यांचाही हिशेब ठेवणाऱ्या त्या अनाम कारकुनास माझा मुजरा! मात्र ताजमहालाशी तुलना करून या वास्तूस नावे ठेवण्याची जी रीत पडली आहे ती मला अन्यायाची वाटते; संगमरवराची काटकसर चुन्याच्या गिलाव्याने इतक्या नजाकतीने झाकणारे कारागीर थोडे.

आज शहराची भिस्त पैठणच्या नाथसागरावर आहे. 1976 साली पूर्ण झालेल्या या जलाशयातून विजेच्या पंपांनी पाणी वर चढवावे लागते, आणि उन्हाळ्यात ते नळाला किती दिवसांनी येते हे येथील गृहिणींना पंचांगापेक्षा अधिक पाठ असते. लाखोंच्या वस्तीला नहरी पुरणार नाहीत हे उघड आहे. माझ्या स्नेह्याचेही तेच मत पडले. परंतु जे स्तंभ व जे भुयारी मार्ग उरले आहेत त्यांवर घरे चढू न देणे, त्यांत सांडपाणी न सोडणे आणि दरवाजांच्या डागडुजीवर होणाऱ्या खर्चातला काही हिस्सा त्यांच्या गाळ-उपशाकडे वळविणे, एवढे तरी नगरपित्यांनी मनावर घ्यावे.