चार पानांचे संशोधन

बेंगळूर शहरात, मल्लेश्वरम् आणि यशवंतपूर या वस्त्यांच्या लगत, वृक्षराजीने वेढलेली एक विद्यानगरी आहे. भारतीय विज्ञान संस्था हे तिचे नाव. परंतु जुने रहिवासी तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखतात. जमशेटजी टाटा यांचा संकल्प आणि म्हैसूर दरबाराने दिलेली 371 एकर भूमी यांतून ती 1909 साली स्थापन झाली. येथील संगणकविद्येचा इतिहास सांगताना यंत्रांचीच नामावळी देण्याचा मोह होतो. वस्तुतः तो इतिहास यंत्रांपेक्षा माणसांचा अधिक आहे.

आरंभ मात्र यंत्रानेच झाला. 1954 च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठाचे व्हिन्सेंट राइडआउट येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी आणलेले सुटे भाग वापरून ‘प्रेडा’ नावाचा ॲनालॉग संगणक संस्थेत उभारण्यात आला. तो अंकांची बेरीज-वजाबाकी करीत नसे. गणितातील राशींच्या जागी विजेचा दाब योजून समीकरणे सोडवीत असे. त्यावर काम करणारे तरुण संशोधक व्ही. राजारामन पुढे कानपूरच्या आयआयटीत अध्यापक झाले आणि 1982 साली बेंगळूरला परतले. त्यांच्या सुबोध पाठ्यपुस्तकांवर विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. यंत्र कालबाह्य झाले. त्यावर घडलेला शिक्षक देशाच्या उपयोगी पडला.

1969 साली संस्थेत ‘स्कूल ऑफ ऑटोमेशन’ सुरू झाले. तोच आजचा संगणकशास्त्र व स्वयंचलन विभाग. दिल्लीच्या आयआयटीतून 1968 साली अभियंता झालेल्या आणि 1972 साली अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेल्या प्रीती शंकर या विभागात अध्यापिका झाल्या. त्यांचा एक विषय होता संदेशातील चुका शोधून दुरुस्त करणारे संकेत. संदेश मार्गात बिघडतो. म्हणून त्यासोबत काही जादा अंक अशा हिशेबाने पाठवायचे, की चूक कोठे झाली हे घेणाऱ्याला कळावे. या विद्येतील एक प्रसिद्ध रीत राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी या दोघा भारतीयांनी 1960 साली मांडली होती. फ्रान्सचे ऑकँगेम यांना ती स्वतंत्रपणे एक वर्ष आधीच सापडली होती.

परंतु ही रीत एका विशिष्ट अंकगणितावर उभी होती. चारच आकडे असलेल्या घड्याळाची कल्पना करावी. तेथे दोन दुणे चार म्हणजे शून्य! शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्य झाला, की नेहमीचा भागाकार अडतो आणि रीतही अडते. अशा अडचणीच्या अंकगणितातही ती कशी चालवावी, हे प्रीती शंकर यांनी 1979 साली अवघ्या चार पानांच्या लेखात दाखवले.

त्या लेखाने वृत्तपत्रांचे मथळे व्यापले नाहीत. पुढे 1994 साली पाच गणितज्ञांनी सिद्ध केले, की केरडॉक आणि प्रेपराटा यांचे, वर्षानुवर्षे कोड्यात टाकणारे संकेत चार आकड्यांच्या याच अंकगणितातून पाहिले असता अगदी सरळ दिसतात. ज्या वाटेवर प्रीती शंकर एकाकी चालत होत्या, ती आता राजरस्ता झाली.

याउलट, याच विभागातील अध्यापकांचा सहभाग असलेला ‘सिंप्युटर’ हा सामान्य माणसासाठी योजलेला हातातला संगणक 2001 साली जगभर गाजला. त्यामागील हेतू उदात्त होता, कल्पना काळाच्या पुढची होती. परंतु बाजारात त्याला अपेक्षित यश लाभले नाही.

या दोन घटनांतून विद्यापीठाच्या कार्याचे मोजमाप कसे करावे, याचा बोध घेण्यासारखा आहे. संस्थेला अनुदान देणारे वर्षाअखेरीस फळ मागतात, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे गैरही नाही. तथापि त्या चार पानांचे मोल 1980 च्या हिशेबात कोणत्या रकान्यात लिहिले असते? प्रीती शंकर 2011 साली निवर्तल्या. त्यापूर्वी त्यांनी कित्येक विद्यार्थ्यांना वर्गात शिकवले होते, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे.