तपासणी आणि झडती

मराठीत 'तपासणी' आणि 'झडती' असे दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. डॉक्टर तपासणी करतात, पोलीस झडती घेतात. पहिल्या शब्दात काळजी गृहीत आहे, दुसऱ्यात संशय. वसतिगृहात आरोग्य आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव खोल्या पाहिल्या जातात तेव्हा सूचनाफलकावर 'तपासणी' असे लिहिलेले असते. खोलीतील मुले मात्र आपसांत 'झडती' म्हणतात. ही मुलांची थट्टा म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. या शब्दामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, असे आम्हांस वाटते.

हा विषय आम्ही बिरवाडीच्या निमित्ताने मांडत आहोत. काळ नदीच्या काठचे, महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले हे गाव. येथील आणि पोलादपूरच्या डोंगरातील मुलामुलींना पुढच्या शिक्षणासाठी महाड, लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठ, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि त्यांतल्या अनेकांच्या आयुष्यातील पहिले परके छप्पर वसतिगृहाचे असते. त्या छपराखाली कोणी, काय आणि कशासाठी तपासावे, हा प्रश्न म्हणून किरकोळ नाही.

इतिहासाची सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेगचा कारभार आला. मार्च ते मे या काळात गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर फिरल्या. रोगी शोधावा, त्याला रुग्णालयात हलवावे, घरच्यांना विलगीकरणात ठेवावे, घर धुऊन काढावे, हा त्यामागील हेतू. तो वैद्यकाच्या तेव्हाच्या समजुतीला धरूनच होता. परंतु सैनिक देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरतात, स्त्रियांना अपमानास्पद रीतीने तपासतात, सामान जाळतात, अशा तक्रारींनी वृत्तपत्रे भरून गेली. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, हे सर्वज्ञात आहे.

त्या प्रकरणातील दोन गोष्टींकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. पहिली अशी, की गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये या अत्याचारांविषयी जे सांगितले त्याला परतल्यावर ते पुरावा देऊ शकले नाहीत आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. शोध घेणाऱ्यांकडे अहवाल होते. ज्यांच्या घरात शोध झाला त्यांच्या हाती कागदाचा चिटोराही नव्हता. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले की हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमधून पसरतो. म्हणजे सैनिक माणसांना धुंडाळत होते तेव्हा रोगाचे मूळ त्याच घरांच्या भिंतींत आणि बिळांत होते.

स्वच्छतेच्या नावाने माणसांना तपासण्याची आपल्याकडची परंपरा मात्र गोऱ्यांच्या आधीची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधील एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, असा नियम त्याला सांगण्यात आला. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. तेथील अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे काही सनातनी गृहस्थ नव्हते. शाहू महाराजांचे चरित्र त्यांनीच लिहिले. तरीही नियमपुस्तक हातात आल्यावर त्यांनी जे पाहिले ते मुलाचे अंग मळले आहे की नाही हे नव्हे, तो कोणाजवळ बसून आला हे होते. भाऊरावांनी पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवू घालणारे वसतिगृह चालवले, त्यात या अनुभवाचा वाटा असणारच.

आणि बिरवाडीपासून हाकेच्या अंतरावर महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. तळ्याचे पाणी आरोग्याला योग्य आहे का, हे त्या वेळी कोणी पाहिले नाही. पाहिला गेला तो पिणाऱ्याचा जन्म. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल येण्यास १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. ही दृष्टी गेली असे म्हणावे, तर फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेतील भूज येथे एका वसतिगृहातील साठाहून अधिक विद्यार्थिनींना, त्यांची पाळी चालू नाही हे सिद्ध करण्यासाठी, कपडे उतरवायला लावल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यालाही नाव तपासणीचेच होते.

यावरून तपासणीच नको, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो महाडच्या परिसरात तरी कोणाला काढता येणार नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. २०२१च्या जुलैत सावित्री आणि गांधारीच्या पुराने शहर बुडाले, तळीये येथे दरड कोसळली. नोव्हेंबर २०२३ मध्ये औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात आग लागून कामगार मृत्युमुखी पडले. असल्या मुलखात तपासणी हवीच. प्रश्न एवढाच की नजर कोठे असावी.

नेहमीचे एक उदाहरण घेऊ. पाणी तापवायचा रॉड खोलीत सापडला की तो जप्त होतो आणि दंड होतो. रॉड धोकादायक आहे, यात शंका नाही. बादलीत हात घालून जीव गमावल्याच्या घटना घडतात. पण स्नानगृहात गरम पाणी येते का, खोलीच्या वायरिंगला तो भार सोसतो का, विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवले आहे का, हे त्या फेरीत विचारले जात नाही. मग मुले रॉड कपाटाच्या तळाशी, ओल्या कपड्यांखाली लपवतात, आणि धोका होता त्याहून वाढतो. १८९७च्या पुण्यात रोगी लपवले गेले ते याच कारणाने. तपासणीला शिक्षा जोडली की माहिती आटते. आणि माहितीवाचून आरोग्यही राखता येत नाही, सुरक्षितताही नाही.

महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, त्याच्या कक्षेतील इमारतींच्या अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. किती विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिगृहाचे असे प्रमाणपत्र पाहिले आहे? खोलीची तपासणी या कागदापासून सुरू व्हावी. प्रथम छताची गळती, भिंतीची ओल, जिन्यातील अडगळ, पाण्याची टाकी पाहावी. मग खोली, तीही आधी कळवून आणि राहणाऱ्याच्या समक्ष. आणि जे आढळेल त्याची एक प्रत त्याच्या हाती द्यावी. गोखल्यांना जो कागद मिळाला नाही तो निदान बिरवाडीच्या मुलीला मिळावा. त्या कागदावर तिच्या चुकांबरोबर इमारतीच्याही चुका लिहिलेल्या असतील, तर मुलेही तिला तपासणी म्हणू लागतील.