लाच दिली असं कबूल करणाऱ्याचं पुढे काय होतं?



गेल्या आठवड्यात वालीवचा एक गाळेवाला भेटला. आठ-दहा कामगारांचा छोटा कारखाना. म्हणाला, "दादा, मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळतेय. पण 'आम्ही कुणालाही लाच देत नाही' अशा कागदावर सही मागतायत. परवान्यांसाठी किती पाकिटं दिलीत ते माझं मलाच माहीत. सही करू की खरं सांगू?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन १८८८ सालचं क्रॉफर्ड प्रकरण पुन्हा वाचलं. तेव्हाच्या मामलेदारांपुढे जवळपास हाच पेच होता.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला ज्यांचं नाव होतं, तेच हे आर्थर क्रॉफर्ड. १८६५ मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. माणूस कर्तबगार, पण उधळ्या आणि कर्जात बुडालेला. पुढे ते मध्य विभागाचे रेव्हेन्यू कमिशनर झाले, मुक्काम पुणे. मामलेदारांच्या बदल्या-बढत्या त्यांच्या हातात. त्यासाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे घेतले जातात, अशी बोंब उठली.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी लावली. पण साक्ष देणार कोण? पैसे मोजलेले मामलेदारच ना! सरकारने त्यांना शब्द दिला: खरं सांगा, तुम्हाला अभय. त्या भरवशावर ते पुढे आले.

निकाल काय लागला? चौकशी आयोगाने लाचखोरीचा आरोप सिद्ध मानला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका ठेवला आणि साहेबांची नोकरी गेली. मध्यस्थ तुरुंगात गेला. मग ओरड सुरू झाली ती मामलेदारांविरुद्ध, थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत. पैसे देऊन खुर्ची घेतलेला माणूस न्याय काय देणार, हा सवाल होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पण शब्द दिलेला असूनही काही मामलेदारांना घरी बसवलं गेलं. १८८९ मध्ये पुण्यात सभा झाली, तिथे टिळकांनी मामलेदारांची बाजू लावून धरली. सरकारने शब्द पाळावा, एवढंच मागणं होतं. त्याच वर्षी खास कायदा करून साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण द्यावं लागलं.

आता आजचा कायदा बघा. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २४ वं कलम होतं. लाच दिल्याची कबुली साक्षीत दिली, तर त्यावरून देणाऱ्यावर खटला होत नसे. २०१८ च्या दुरुस्तीत ते गेलं. आता जबरदस्तीने लाच द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार करायची. नाहीतर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीच्या फायद्यासाठी लाच दिली गेली तर कंपनीलाही दंड. लाच रोखायची पुरेशी व्यवस्था आमच्याकडे होती, हे तिनेच दाखवायचं. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यातही असाच बचाव आहे. अमेरिकेने तर १९७७ पासूनच आपल्या कंपन्यांना परदेशी अधिकाऱ्यांना लाच द्यायला बंदी घातलीय. म्हणून तो कागद फिरत फिरत वालीवच्या गाळ्यापर्यंत आला.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंगसाठी राखीव जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या, हजारो माणसं रस्त्यावर आली. बांधकामांसाठी चौरस फुटामागे पैशांचा दर ठरला होता, असा ईडीचा आरोप आहे. तो कोर्टात सिद्ध व्हायचाय. पण असा दर कधी एकट्याला माहीत नसतो. देणारे, मोजणारे, पोचवणारे सगळे गप्प बसले तरच तो चालतो. आणि ते गप्प का बसतात, ते मामलेदारांना विचारा.

लाच देणं बरोबर, असं मी म्हणत नाही. पण सात दिवस फार थोडे आहेत. तक्रार केल्यावर त्याच गाळेवाल्याला परत त्याच खिडकीवर जायचं असतं. त्याचा पुढचा अर्ज अडणार नाही, याची हमी कोण देणार?

त्याला मी शेवटी फोन केला. सांगितलं, खोटी सही करू नकोस. झालं गेलं त्याबद्दल आधी वकील गाठ. पुढे कुणी मागितलं तर द्यायच्या आधी १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळव. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे.

तो म्हणाला, "दादा, तुम्ही याल सोबत?"

येईन म्हटलंय. तुमच्यापैकी कुणी अशी तक्रार केली असेल, तर नंतर तुमच्या कामाचं काय झालं ते कळवा. नाव छापणार नाही.